परवलीचा शब्द आणि परीक्षक यंत्र

संगणकाच्या महाजालावरील पानांचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात. काही पाने चावडीवर लावलेल्या जाहीरनाम्यासारखी असतात. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही ती वाचावीत. वाचणाऱ्याला त्याचे नावगाव कोणी विचारीत नाही. दुसऱ्या वर्गातील पाने कुलपाआड असतात. निवृत्तिवेतनाचा हिशेब, बँकेतील शिल्लक, आयकराचे विवरणपत्र, विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण, यांपैकी कोणत्याही पानाशी पोचण्यापूर्वी माणसाला आपण कोण हे सांगावे लागते, परवलीचा शब्द द्यावा लागतो, आणि अलीकडे तर मोबाइलवर आलेला चार किंवा सहा अंकी आकडाही भरावा लागतो. या सोपस्काराला सर्वत्र लॉगिन म्हणतात. गेल्या पंचवीस वर्षांत सामान्य माणसाचे जे जे महत्त्वाचे काम महाजालावर गेले, ते बहुतेक सगळे या दुसऱ्या वर्गात गेले आहे. मोकळ्या पानावर बातमी वाचता येते. हक्क बजावता येतो तो मात्र बंद पानावर.

अशी पाने नीट चालतात की नाही हे कोणीतरी वेळोवेळी पाहिले पाहिजे, हे उघड आहे. पूर्वी हे काम माणसे करीत. अर्ज भरून पाहावयाचा, कळ दाबावयाची, पुढे काय घडते ते टिपून ठेवावयाचे, आणि आज्ञावलीतील एखादी ओळ बदलली की सारे पुन्हा पहिल्यापासून करावयाचे. परंतु शंभर वेळा तेच पान पाहिलेला माणूस एकशेएकाव्या वेळी ते न पाहताच 'ठीक' असा शेरा मारतो, हे कचेरीत काम केलेल्या कोणालाही सांगावयास नको. म्हणून हे काम यंत्राकडे गेले. ज्या ब्राउझरमधून माणूस पान पाहतो तोच ब्राउझर एका आज्ञावलीने चालवावयाचा, तिनेच रकाने भरावयाचे, तिनेच कळा दाबावयाच्या, आणि जे दिसावयास हवे ते दिसले की नाही याचा निवाडाही तिनेच करावयाचा, अशी ही स्वयंचलित चाचणीची पद्धत आहे. मोकळ्या पानांच्या बाबतीत ती सुरळीत चालते. बंद पानांशी गाठ पडली की मात्र एक चमत्कारिक पेच उभा राहतो. दारावर पहारा बसविला आहे तो पुष्कळ अंशी यंत्रांना अडविण्यासाठी. आणि दार उघडते की नाही हे पाहावयास आलेला परीक्षकही यंत्रच आहे! पहारा चोख ठेवावा तर परीक्षक बाहेर राहतो, आणि परीक्षकाला आत सोडावे तर पहारा सैल होतो. या पेचातून वाट कशी काढतात, आणि ती चुकली म्हणजे काय घडते, हा या भाषणाचा विषय आहे.

परवलीचा शब्द आपल्याकडे किल्ल्यांच्या आणि छावण्यांच्या काळापासून रुळलेला आहे; संगणकाच्या दारावर तो आला १९६१ च्या सुमारास. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी त्या साली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था चालवून दाखविली. एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून तेथे प्रत्येकाला परवलीचा एकेक शब्द देण्यात आला. पहारा बसला आणि वर्षाच्या आतच तो चुकविलाही गेला. यंत्राचा वाट्याला येणारा वेळ पुरत नाही म्हणून ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने १९६२ साली सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली, असे त्यांनी स्वतःच पुष्कळ वर्षांनी सांगितले.

त्याच दशकात तेथेच घडलेला दुसरा प्रसंग परीक्षकांच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. दिवसाची सूचना सर्वांना दाखविण्याची तेथे प्रथा होती. एक व्यवस्थापक ती सूचना लिहीत असताना दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोघांच्या तात्पुरत्या प्रतींना आज्ञावलीने एकच नाव दिले, प्रतींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो जो लॉगिन करी त्याच्यापुढे स्वागताच्या सूचनेऐवजी साऱ्यांचे परवलीचे शब्द झळकू लागले. कोर्बातो यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या आपल्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे. यात कोणाचा डाव नव्हता. सूचना लिहिण्याचे काम एकट्याने केले असते तर बिनचूक झाले असते, यादीचेही तसेच झाले असते. दोन माणसे एकाच वेळी आत असतानाच तो दोष दिसणार होता, आणि तशी परीक्षा कोणी घेतली नव्हती.

आता महाजालाकडे वळू. महाजालाची मूळ भाषा अतिशय विसराळू आहे, आणि हा विसराळूपणा तिच्यात बुद्ध्याच ठेवलेला आहे. युरोपातील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी ती घडविली तेव्हा कोणीही कोणतेही पान मागावे, सर्व्हरने ते द्यावे आणि मागणाऱ्याला विसरून जावे, एवढाच व्यवहार त्यांना अभिप्रेत होता. विद्वानांचे निबंध वाचण्यास हे पुरेसे होते. दुकानात मात्र असे चालत नाही. गिऱ्हाईक एका फळीवरून दुसऱ्या फळीकडे गेले की दुकानदार त्याला ओळखेनासा झाला तर खरेदी व्हावयाची कशी? १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरजवळ एक लहानशी चिठ्ठी द्यावी आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती परत दाखवावी, अशी ती युक्ती होती. या चिठ्ठीला कुकी हे नाव पडले.

एखाद्या मोठ्या सरकारी कचेरीच्या फाटकावर जे घडते तेच येथे घडते. फाटकावर ओळखपत्र पाहून पास मिळतो. नंतर प्रत्येक मजल्यावर कोणी ओळखपत्र मागत नाही, पास पाहतात. परवलीचा शब्द हे ओळखपत्र, आणि कुकी हा पास. पासाचे दोन गुण लक्षात ठेवण्याजोगे आहेत. त्याला मुदत असते, हा एक. पास ज्याच्या हातात असेल त्याला आत सोडले जाते, तो हात कोणाचा हे पासाला कळत नाही, हा दुसरा. बंद पानांच्या चाचणीतील निम्म्या सोयी आणि बहुतेक सगळे धोके या दोन गुणांतून निघाले आहेत.

ब्राउझर चालविणारे जे साधन जगभर रूढ झाले त्याचा जन्म २००४ साली शिकागो येथे झाला. थॉटवर्क्स या कंपनीतील जेसन हगिन्स हे कर्मचाऱ्यांच्या वेळेच्या आणि खर्चाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका अंतर्गत कामावर होते. तीच ती पाने हाताने तपासून कंटाळल्यावर त्यांनी एक लहान यंत्रणा लिहिली आणि तिला सेलेनियम असे नाव दिले. नावात थोडी थट्टा होती. या व्यवसायातील एका बड्या कंपनीचे नाव मर्क्युरी, म्हणजे पारा, असे होते आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा समजला जातो! पुढे सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हर या साधनाशी सेलेनियमचा संगम झाला, आणि ब्राउझरला आज्ञा देण्याच्या त्या रीतीला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २०१८ साली प्रमाण म्हणून मान्यता दिली. पपेटियर, सायप्रेस, आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने काढलेले प्लेराइट, ही याच कुळातील पुढची साधने होत. या प्रमाणात एक कलम फार प्रामाणिक आहे. यंत्राच्या ताब्यात असलेल्या ब्राउझरने 'मी यंत्राच्या ताब्यात आहे' अशी खूण पानाला दिसेल अशी ठेवावी, असे ते सांगते. सचोटीचा परीक्षक छातीवर बिल्ला लावूनच दाराशी येतो. बिल्ला काढून येणारेही असतात, पण ते परीक्षक नव्हेत.

दाराशी आल्यावर यंत्राची पहिली अडचण अगदी क्षुल्लक वाटावी अशी आहे. यंत्राला धीर नसतो. परवलीचा शब्द भरून कळ दाबली की माणूस पान बदलेपर्यंत आपोआप थांबतो. यंत्र त्याच क्षणी पुढच्या पानावरील रकाना शोधू लागते, तो सापडत नाही, आणि 'पान बिघडले' असा खोटा निकाल ते देऊन टाकते. यावर नवशिक्यांचा उपाय असा, की कळ दाबल्यावर सरसकट पाच सेकंद थांबावे. पण सर्व्हर मंद असेल त्या दिवशी पाच सेकंद पुरत नाहीत, आणि इतर दिवशी ते फुकट जातात. जाणती माणसे घड्याळाकडे न पाहता खुणेकडे पाहतात. आतल्या पानावर खातेदाराचे नाव दिसेपर्यंत थांब, अमुक अवधीत दिसले नाही तरच तक्रार कर, असे ते यंत्राला सांगतात. निकाल कधी हो, कधी नाही असा येऊ लागला की लोक त्या निकालावर विश्वास ठेवीनासे होतात, आणि मग खरी आग लागली तरी घंटा कोणी ऐकत नाही. म्हणून या क्षुल्लक बाबीला अनुभवी लोक फार जपतात.

दुसरी अडचण वेळेची. चाचण्या पाचशे असतील आणि प्रत्येकीने दारापासून सुरुवात केली तर पाचशे लॉगिन होतात. कित्येक ठिकाणी इतक्या धडका पाहून पहारेकरीच खाते गोठवून टाकतो. तेव्हा यंत्राने एकदाच रीतसर लॉगिन करावे, मिळालेला पास एका फाईलीत जपून ठेवावा, आणि बाकीच्या चाचण्यांनी तोच पास दाखवून थेट आत जावे, अशी युक्ती काढण्यात आली. प्लेराइटसारख्या साधनांत तिची सोय तयारच असते. युक्ती चांगली आहे, परंतु पासाचा दुसरा गुण येथे आठवला पाहिजे. ती फाईल ज्याच्या हाती लागेल त्याला परवलीचा शब्द ठाऊक नसताही आत जाता येते. म्हणून सर्वांनी मिळून जतन केलेल्या आज्ञावलींच्या दप्तरात ती फाईल चुकूनही जाऊ देऊ नये, अशी सूचना त्या साधनाच्या माहितीपुस्तकातच दिलेली आहे. शिवाय, एकाच खात्यावर एका वेळी एकालाच प्रवेश असा नियम बँकांसारख्या पुष्कळ ठिकाणी असतो. तेथे एकाच नावाने दहा परीक्षक आत शिरले तर दहावा नवव्याला बाहेर ढकलतो आणि सगळ्यांचाच निकाल बिघडतो. प्रत्येक परीक्षकाला स्वतंत्र खाते देणे हाच त्यावर मार्ग. ही खाती खऱ्या नागरिकांची मात्र असता कामा नयेत. चाचणीसाठी खऱ्या माणसांची माहिती उचलून वापरण्याची जी सवय पूर्वी सर्रास होती, ती वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ सालचा कायदा संमत झाल्यानंतर तर मुळीच परवडण्यासारखी नाही.

खरी कसोटी लागते ती मात्र दारावरील विशेष पहाऱ्यांशी. वेडीवाकडी अक्षरे ओळखा, चित्रांतील रस्त्याचे दिवे निवडा, असे जे कोडे घातले जाते त्याचे नाव कॅप्चा. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांचे सहकारी यांनी ते नाव रूढ केले. त्या लांबलचक नावाचा अर्थच मुळी माणूस आणि संगणक यांचा भेद ओळखणारी परीक्षा असा आहे. परीक्षक यंत्राने हे कोडे सोडवावयास शिकावे काय? मुळीच नाही. सोडवता आले तर कोडे निकामी ठरले. न आले तर चाचणी थांबली. येथे सवलतच द्यावी लागते, आणि ती कशी द्यावी याचा एक चांगला नमुना गूगलने घालून दिला आहे. चाचणीसाठी त्यांनी एक जाहीर किल्ली ठेवली आहे. ती वापरली की कोडे नेहमी सुटलेलेच धरले जाते. परंतु हे केवळ चाचणीसाठी आहे, असा इशाराही त्या चौकटीत सर्वांना दिसेल असा उमटतो. चुकून ती किल्ली खऱ्या दाराला लागलीच, तर दारच ओरडून सांगते.

मोबाइलवरील आकड्याचे, म्हणजे ओटीपीचे, दोन प्रकार आहेत आणि परीक्षकाच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे. एका प्रकारात एक गुप्त अंक-अक्षरांची माळ मोबाइलमध्ये आणि सर्व्हरवर अशी दोन्हीकडे ठेवलेली असते. ती माळ आणि घड्याळातील वेळ यांच्या गणितातून सहसा दर तीस सेकंदांनी नवा आकडा निघतो. या रीतीचे प्रमाण २०११ साली प्रसिद्ध झाले. परीक्षकाच्या खात्याची माळ परीक्षकाजवळ दिली म्हणजे तो आपला आकडा आपण काढतो. दाराला काहीच बदलावे लागत नाही. इतका स्वच्छ मार्ग दुसरा नाही. दुसऱ्या प्रकारात आकडा संदेशाने येतो, आणि भारतात हाच प्रकार घरोघरी पोचला आहे. कार्डावरील ऑनलाइन व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने २००९ सालच्या ऑगस्टपासून जादा पडताळणी सक्तीची केली, तेव्हापासून तो अंगवळणी पडत गेला. परीक्षक यंत्राजवळ मोबाइल नसतो. मग चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर तो संदेश मोबाइलकडे न जाता एका पेटीत पडावा आणि यंत्राने तो तेथून उचलावा, अशी व्यवस्था करतात. तिला कष्ट पडतात. त्यापेक्षा सोपे म्हणजे एक ते सहा हे अंक ओळीने लिहिले की कोणालाही आत सोडावे, अशी एक ओळ आज्ञावलीत टाकणे. काम घाईचे असते, उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, आणि ती ओळ 'तात्पुरती' म्हणून टाकली जाते. सरकारी दप्तरातील तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य किती असते हे सर्वश्रुत आहे. संगणकाच्या दप्तरातही ते कमी नसते. चाचणीच्या सर्व्हरवरून ती ओळ एक दिवस खऱ्या सर्व्हरवर जाते, आणि परीक्षकासाठी ठेवलेल्या त्या खिडकीतून कोणीही कोणाच्याही खात्यात शिरू शकतो. याउलट टोकाला जाणारेही असतात. दाराची कटकट नको म्हणून ते परीक्षकाला थेट दिवाणखान्यात उतरवितात, आतल्या साऱ्या खोल्या तपासतात, आणि फाटकाला कोणी हातही लावीत नाही.

फाटकाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचे जगाला दिसलेले उदाहरण अमेरिकेचे आहे. २०१० सालच्या आरोग्यविमा कायद्यानुसार नागरिकांनी विमा निवडावा यासाठी तेथील सरकारने हेल्थकेअर डॉट गव्ह हे स्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी ३६ राज्यांसाठी खुले केले. विम्याच्या निरनिराळ्या योजना नुसत्या चाळून पाहण्याची सोय मूळ आराखड्यात होती. ती उद्घाटनापूर्वी गाळण्यात आली. त्यामुळे केवळ कुतूहलाने आलेल्या माणसालाही आधी खाते उघडणे भाग पडले. साऱ्या देशाची रांग एका फाटकाशी येऊन थडकली आणि फाटक अडकले. खाते उघडताना सुरक्षेचा प्रश्न निवडण्याची जी यादी खाली उघडावयास हवी, ती पुष्कळांना कोरीच दिसली. प्रश्न निवडल्यावाचून पुढे जाता येईना, आणि निवडावा तर प्रश्नच नाही! तासन्‌तास लोक त्या कोऱ्या चौकटीपुढे बसून राहिले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले ते अवघे सहाजण. हा आकडा पुढे प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने प्रसिद्ध केलेल्या टिपणांतून बाहेर आला.

२४ ऑक्टोबर २०१३ रोजी कंत्राटदार कंपन्यांचे अधिकारी प्रतिनिधिगृहाच्या दुसऱ्या एका समितीपुढे उभे राहिले. प्रत्येकाने आपापला भाग तपासला होता. फाटकापासून शेवटच्या पावतीपर्यंत सलग अशी चाचणी मात्र सप्टेंबरच्या अखेरच्या दोन आठवड्यांतच झाली होती, असे तेथे सांगण्यात आले. कोर्बातो यांच्या संगणकावरील दोन व्यवस्थापकांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. या अपयशाला गर्दीचा अंदाज चुकणे, कामाची असंख्य तुकड्यांत वाटणी, अखेरच्या क्षणीचे बदल अशी इतरही कारणे होती, आणि सगळा दोष चाचणीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि कोरी यादी दिसणे हा दोष असा होता, की ब्राउझर चालवून रोज रात्री एक खाते उघडून पाहणाऱ्या लहानशा यंत्राने तो पकडावा. पुढच्या दोन महिन्यांत बाहेरून आलेल्या अभियंत्यांनी दिवसरात्र खपून ते स्थळ सावरले. २०१४ सालच्या एप्रिलपर्यंत, राज्यांची स्वतंत्र स्थळे धरून, सुमारे ८० लाख लोकांनी विमा निवडला होता. म्हणजे गरज खरी होती, माणसे खरी होती. ती फाटकाबाहेर उभी होती, एवढेच.

दार उघडते की नाही ही परीक्षेची एक बाजू झाली. ज्याला उघडू नये त्याला ते उघडत नाही ना, ही दुसरी. या ठिकाणी रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आठवते. गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियमाप्रमाणे तिला सोडले नाही, आणि घरी तान्हे मूल असलेली ती गवळण कड्यावरून उतरून गेली. दुसऱ्या दिवशी महाराजांनी तिचा गौरव केला आणि ज्या जागी ती उतरली तेथे बुरूज बांधविला, असे सांगतात. दरवाजाची परीक्षा रोज होत होती. कड्याची परीक्षा त्या माउलीने केली, आणि राज्यकर्त्याने तिला शिक्षा न करता कडा दुरुस्त केला. परीक्षक यंत्राला नेमके हेच शिकवावे लागते. चुकीचा परवलीचा शब्द देऊन पाहा. बाहेर पडल्यानंतर जुना पास पुन्हा दाखवून पाहा. कारकुनाच्या पासावर अधिकाऱ्याच्या खोलीत शिरून पाहा. सगळीकडे 'प्रवेश नाही' असे उत्तर आले तरच चाचणी उत्तीर्ण.

यांतील सर्वांत जरुरीची आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी परीक्षा शेजाऱ्याच्या खोलीची आहे. २०११ साली अमेरिकेतील सिटी बँकेच्या सुमारे ३ लाख ६० हजार कार्डधारकांची माहिती चोरीस गेली. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या हकीकतीप्रमाणे चोरांनी दार फोडले नव्हते. ते रीतसर लॉगिन करून आत गेले, आणि मग ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत दिसणारा खात्याचा आकडा बदलून दुसऱ्याचे पान मागत राहिले. फाटकावरील पहारेकरी चोख होता. आतल्या मजल्यावर मात्र पासावरचे नाव कोणी वाचीत नव्हते. परीक्षकाला दोन खाती द्यावीत, एकाने आत जाऊन दुसऱ्याचा अर्ज मागावा, आणि तो मिळाला तर आरडाओरडा करावा, एवढी साधी ही चाचणी आहे. बहुरूपी जसा एका घरी साधू आणि दुसऱ्या घरी शिपाई होऊन जातो, तसे एकाच यंत्राला वेगवेगळी सोंगे देऊन ती घेता येते.

इतके झाले तरी काही गोष्टी यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला घरबसल्या देता यावा म्हणून जीवन प्रमाण ही योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. त्यात बोटांचे ठसे लागतात, आणि आयुष्यभर कष्ट केलेल्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. पुढे २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आली ती अशांना उपयोगी पडते. परीक्षक यंत्राची बोटे कधी झिजत नाहीत. त्याचा ओटीपी मुलाच्या मोबाइलवर परगावी जात नाही. मराठीत नाव टंकताना ते अडखळत नाही, त्यामुळे अर्ज भरता भरता पासाची मुदत संपून सारे भरलेले रकाने पुसले गेले, असा प्रसंग त्याच्यावर येत नाही. मुदत मुद्दाम संपवून पाहा असे त्याला सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे सुचावयास आधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून त्याला अर्ज भरताना पाहिलेले असावे लागते. चांगल्या परीक्षकांच्या वहीत अशा निरीक्षणांची पाने पुष्कळ असतात. यंत्र त्या पानांची केवळ उजळणी करते.

या बंद पानांबद्दल आणखी एक गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली जाते. जो आत गेला आणि आत अडला, त्याची नोंद होते. जो दारातच अडला तो सर्व्हरच्या लेखी कोणीच नसतो. त्याचे नाव नाही, अर्ज नाही, आणि पुष्कळ स्थळांवर तर तक्रारीची खिडकीसुद्धा दाराच्या आतच असते. महिनाअखेरच्या अहवालात आलेले अर्ज मोजले जातात, न आलेले मोजता येत नाहीत. म्हणून ज्यांना हे उमगले आहे ते उद्घाटनापूर्वीची परीक्षा संपल्यावरही परीक्षकाला कामावरून काढीत नाहीत. खऱ्या स्थळावर, त्याच्यासाठीच राखलेल्या आणि कसलाही अधिकार नसलेल्या खात्याने, दर पाच-दहा मिनिटांनी तो फाटकाशी येतो, इतरांप्रमाणेच परवलीचा शब्द देतो, आपल्या माळेतून आकडा काढतो, आत गेल्यावर आपले नाव दिसले की पास परत करून निघून जातो. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता दार अडकले, तर गावातल्या सेवाकेंद्रात रांगेत बसलेल्या मुलांच्या अगोदर त्याची तक्रार नोंदली जाते, आणि कोणाचा तरी फोन वाजू लागतो.